सासवडहून पाटाच्या पाण्यामागे गेलेले पणजोबा आणि त्यांचं घर : माग कसा काढावा?

कऱ्हेकाठची

नमस्कार मंडळी.

आमचे पणजोबा सासवडचे. सोपानकाकांच्या समाधीचं गाव, कऱ्हेचा काठ, विहिरीवर मोट आणि त्या मोटेवर जेमतेम भिजणारा माळ्याचा मळा. तिथून ते ऊस लावायला बाहेर पडले आणि पुन्हा सासवडला राहायला आलेच नाहीत. घरात त्यांची गोष्ट एका वाक्यात संपते : "आबांनी माळावर ऊस उभा केला." कुठला माळ, जमीन कुणाची, भांडवल कुठून आलं, बरोबर कोण होतं, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. मला ते सगळं हवंय. एका माणसानं एकट्यानं ऊस उभा केला, हे मला पटत नाही. उसाला घर लागतं.

आधी पार्श्वभूमी, म्हणजे ज्यांना हा विषय नवा आहे त्यांनाही सोबत येता येईल. सासवडचे माळी बागाइतात मुरलेले, पण पुरंदरात पाणी तुटपुंजं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर सरकारनं नीरेचा डावा कालवा काढला, १८८५ ला त्याला पाणी सुटलं आणि बारामती-इंदापूरकडच्या कोरडवाहू शिवारात पाट वाहू लागला. तिथल्या शेतकऱ्यांना ज्वारी-बाजरीची सवय होती. उसाला लागणारा खर्च आणि बारा-अठरा महिन्यांची वाट पाहणं त्यांना झेपणारं नव्हतं. मग सासवडची घरं तिकडे गेली, जमिनी खंडानं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यानं, घेतल्या आणि ऊस केला. पुढे गोदावरीचे कालवे झाले तशी काही घरं कोपरगावकडे गेली, प्रवरेचं पाणी आलं तशी काही बेलापूर-श्रीरामपूरकडे, आणि नीरेचा उजवा कालवा व्हायला लागल्यावर काही अकलूजकडे. अकलूजजवळचं माळीनगर आणि तिथला सासवड माळी साखर कारखाना त्यातूनच उभा राहिला.

म्हणूनच मी पणजोबांना नावानं शोधत नाही, पाण्यानं शोधते. कुठल्या पाटाला कधी पाणी सुटलं हे लिहिलेलं आहे. पणजोबा कुठे होते हे कुणीच लिहिलेलं नाही.

माझ्या हाती आत्तापर्यंत तीन कागद आहेत.

एक, मोडीतलं खंडपत्र. वर पंचम जॉर्जच्या छापाचा मुद्रांक, कागद घडीवर फाटलेला, खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा आणि बाजूला "निशाणी" लिहिलेलं. मला मोडी अडखळतच येते. एवढं लागतं की मुदत संपल्यावर खोडवी काढून, बांध नीट करून जमीन परत द्यायची आहे.

दोन, श्रीरामपूर भागातल्या एका गावचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. त्यात आमच्या चुलत पणजोबांचं नाव आहे आणि पुढे "ए.कु.मॅ.". आमच्या पणजोबांचं नाव त्यात नाही.

तीन, आजोबांच्या शाळेचा दाखला. जन्मगाव सासवड नाही, बारामती तालुक्यातलं एक गाव आहे.

मधली वर्षं हरवलेली आहेत. आणि पणजीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ती "आबांची मंडळी" एवढीच उरली आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

जाणकारांनी वाट दाखवावी.

---

पाटकरी_निवृत्त

ताई, तुमची पद्धत अगदी योग्य आहे. हयात पाटबंधाऱ्यात गेली म्हणून सांगतो, पाण्याचं वेळापत्रक तुम्हाला बरंच काही देईल.

भाटघरचं जुनं धरण नीरा डाव्यासाठी. त्याच्या खाली नवं मोठं धरण १९२८ ला पूर्ण झालं, लॉईड धरण म्हणायचे, जुनं त्याच्या पाण्यात गेलं. या नव्या साठ्यावर उजवा कालवा : फलटण, माळशिरस, पंढरपूर. प्रवरेवर भंडारदरा १९२६ ला पूर्ण. गोदावरीचे कालवे नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून, वर दारणेचं धरण, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. आजोबांचा जन्म बारामतीकडचा आणि फेरफार श्रीरामपूरकडचा असेल, तर घर प्रवरेला नवं पाणी आल्यावर हललं असा अंदाज बांधायला हरकत नाही. मधे कोपरगावचा मुक्काम झाला असेल तर तेही शोधावं लागेल.

आणखी एक. उसाला पाणी मागेल त्याला मिळत नसे. नीरेवर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या क्षेत्राला काही वर्षांच्या पाण्याची हमी, त्यातल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीत हंगामी पिकं. खंडाची मुदत बऱ्याचदा या मंजुरीला धरून असे, कारण पाण्याशिवाय ती जमीन घेऊन माळ्याला करायचं काय? खंडपत्रात "ब्लॉक", "मंजुरी", "पाणीपट्टी कोणी भरावी" असं काही लागतंय का ते बघा. लागलं तर कोणता पाट ते कळेल.

---

लेखणी_आणि_टाक

खंडपत्राचा स्वच्छ फोटो खाजगी निरोपात पाठवा. मोडी मी वाचून देतो. घाईचं लिखाण असलं तरी अशा दस्तांचा मायना ठरलेला असतो, त्यामुळे नावं आणि आकडे सोडले तर वाचायला जड जात नाही.

तोवर फेरफाराबद्दल. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भाऊ एकत्र असतील तर मोठ्याचं नाव लागायचं, बाकीचे त्याच्या पोटात. पणजोबांचं नाव नाही याचा अर्थ ते तिथे नव्हते असा होत नाही. पुढच्या वाटपाचा किंवा वारसाचा फेरफार काढा. त्यात सगळे भाऊ एकदम बाहेर येतात, कधी मयत भावांची मुलंही. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. स्कॅन झालेले काही तालुक्यांचे "आपले अभिलेख"वर घरबसल्या दिसतात.

आणि एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचं खंडपत्र १९०८ च्या कायद्यानं सहसा नोंदवावं लागे. दुय्यम निबंधकाकडे सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, मागा. तिथे गाववार नोंदी असतात, त्यामुळे नाव नक्की माहीत नसलं तरी गाव धरून चाळता येतं.

---

प्रवरामाई

तुमचं "उसाला घर लागतं" हे वाचलं आणि लिहायला बसले. माझं माहेर प्रवरेकाठचं, आजी सासवडच्याच माळ्यांची. तिच्याकडून ऐकलेलं सांगते.

गुऱ्हाळ लागलं की घरातल्या बायकांचा दिवस मध्यरात्रीच सुरू व्हायचा. चरकाला बैल, पहिली काहील (रस उकळायची मोठी कढई) पहाटेच्या आत चढलीच पाहिजे. गुळव्या (गूळ करणारा), चुलवणात जळण घालणारा, ऊस तोडणारे, मोळ्या वाहणारे, चरकात ऊस लावणारा, एवढ्या माणसांच्या भाकरी घरातच. त्यातून उरलेल्या वेळात चिपाडं वाळत घालायची, कारण दुसऱ्या दिवशीचं जळण तेच. चिपाड ओलं राहिलं तर काहिलीला ताव मिळत नाही आणि गूळ बिघडतो. आजी म्हणायची, गुळाचा रंग गुळव्या काढतो असं सगळे म्हणतात, पण वाळलेलं चिपाड त्याच्या हाताशी आम्ही देतो. रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घालायचे, त्या भेंड्या चेचून ठेवणं हेही बायकांचं.

बाळंतपणं खोपटात झालेली. खंडाच्या जमिनीवर पक्कं घर कोण बांधणार? मुदत संपली की छपराचे वासे गाडीत घालून पुढच्या गावी. आजीच्या सगळ्या भावंडांची जन्मगावं वेगवेगळी, ती यामुळेच.

तुमच्या आजोबांच्या भावंडांचे शाळेचे दाखलेही काढा. नुसता दाखला नको, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात "पूर्वीची शाळा" हा रकाना असतो. आम्हाला आजीच्या भावाच्या त्या रकान्यातून एक अख्खं गाव सापडलं, ज्याचा घरात कुणी उच्चारही केलेला नव्हता.

---

खंडकऱ्याचा_नातू

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही यावी. मी बारामतीकडचा. आमच्या घरानं सासवडकरांना जमीन खंडानं दिली होती. आमच्याकडे त्यांची गोष्ट अशी सांगत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, ते आले, पाणी पाजून पाजून जमिनीचा कस काढला, गूळ पुण्याला पाठवला, आणि जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झाल्यावर पुढच्या पाटाला निघून गेले. नीरेच्या खोऱ्यातली खारवट जमीन ही काही कल्पना नाही. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१० मध्ये त्यावर अभ्यास करून लिहिलेलं आहे. आमच्या शिवारात आजही पांढरे फुटलेले पट्टे आहेत.

उगाच भांडायचं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या पणजोबांना "माळावर ऊस उभा करणारे" म्हणताना तो माळ कुणाचा तरी होता, एवढंच.

---

कऱ्हेकाठची

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला हेच हवं होतं. माळ कुणाचा हा प्रश्न माझ्या पहिल्या पोस्टमध्येही आहे.

चोपण जमिनीबद्दल तुमचं दुःख खरं आहे. मात्र सगळा दोष खंडानं करणाऱ्यावर टाकता येईल असं मला वाटत नाही. काळी जमीन खोल, खाली निचरा नाही, पाट वर आणि चर काढलेलेच नाहीत. सुरुवातीला सरकारलाच पाणी खपवायची घाई होती. ऊस घेणारा माळी असो की पुढे ऊस शिकलेला गावकरी, पाणी दोघांनीही भरपूर पाजलं. पण मुदतीच्या जमिनीला माणूस स्वतःच्या जमिनीसारखं जपत नाही, हे मी मान्य करते. खंडपत्रात "बांध नीट करून" अशी अट घालावी लागली, यातच ते आलं.

त्यांनी घातलंही पुष्कळ. त्या वेळचा पुंड्या ऊस जाड, मऊ, गोड आणि भलताच खादाड. त्याला पेंड लागायची गाड्या भरून : करडईची, एरंडीची, भुईमुगाची. शिवाय मेंढरं बसवायची, ताग गाडायचा, लोखंडी नांगरानं खोल नांगरायचं. ही पेंड उधारीवर यायची, पुण्याच्या अडत्याकडून, येणाऱ्या गुळाच्या भरवशावर. गुळाचा भाव पडला की पेंडीचं कर्ज मानेवर. तुमच्या घरी खंडाचा आकडा ठाऊक असेल तर जरूर सांगा. आमच्या कागदावर तो घडीत फाटला आहे.

---

खंडकऱ्याचा_नातू

खंडाचा आकडा सांगता येत नाही, पण खंड रोख होता आणि आधी मिळायचा, हे नक्की. आमच्या आजीच्या बोलण्यात यायचं की त्या रोखीवर पहिल्यांदा सावकाराचं देणं फिटलं. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो : आमचे आजोबा त्यांच्याच गुऱ्हाळावर कामाला जायचे, तिथेच लागण, पाणी, खत शिकले आणि मुदत संपल्यावर जमीन परत घेऊन स्वतः ऊस लावला. राग आणि उपकार दोन्ही आमच्या घरात एकाच तोंडातून निघायचं.

जुन्या हक्कपत्रकात तुमच्या लोकांची नावं कब्जेदाराच्या रकान्यात शोधू नका. तिथे आम्ही आहोत. खंड, कूळ, इतर हक्क या बाजूला शोधा.

---

पाटकरी_निवृत्त

वरच्या पोस्टला जोडून. अनेकांना प्रश्न पडतो की इतकी वर्षं जमीन कसून ही घरं कूळकायद्यात मालक का झाली नाहीत. १९४८ च्या कूळकायद्यानं आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं लाखो कुळांना जमीन मिळाली, पण ऊस, फळं, फुलं यांसाठी खंडानं दिलेल्या जमिनींना कलम ४३अ नं बऱ्याच तरतुदींतून वगळलं होतं. त्यामुळे ३२ग च्या (कुळानं जमीन विकत घ्यायच्या) केसेस आणि ३२म ची (त्या खरेदीची) प्रमाणपत्रं यांत तुमचं घर बहुधा सापडणार नाही. उलट, ज्यांनी भाव बरा असताना थोडी जमीन विकत घेतली तेच टिकले.

आणि १९३० च्या आसपासचं दशक फार महत्त्वाचं. मंदीत गुळाचा भाव कोसळला. १९३२ ला साखरेला आयात मालापासून संरक्षण मिळालं आणि कारखाने निघू लागले. माळीनगर त्याच लाटेतलं. सहकारी कारखाना नव्हे, शेतकऱ्यांनी शेअर घालून काढलेली कंपनी. प्रवरानगरचा सहकारी कारखाना बऱ्याच नंतरचा, पहिला गळीत हंगाम १९५०-५१. चुलत पणजोबांच्या फेरफाराचं साल बघा : मंदीच्या आधीचं की नंतरचं? भाऊ वेगळे होण्याचं कारण तिथे असू शकतं.

---

पंचगंगा_तीर

विषय जरा बाजूचा, पण उपयोगी पडेल. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, शेतकरी घराण्यांच्या पिढ्या त्यांच्या वहीत असतात. सासवडकडे ते येत नसावेत. पण नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते. कोपरगाव-श्रीरामपूरकडे घर होतं म्हणजे अस्थी घेऊन कुणीतरी नाशिकला गेलंच असणार. मूळ गाव सासवड सांगा आणि आडनाव सांगा. तिथे लिहून घेताना आलेल्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं सगळं विचारतात. कधी कधी आईचं आणि बायकोचंही.

---

लेखणी_आणि_टाक

ताई, फोटो मिळाले. वाचून झालं, आणि एक गोष्ट इथे सगळ्यांसमोर सांगायची परवानगी तुम्ही दिली आहे म्हणून लिहितो.

तुमच्याकडे एक कागद नाही, दोन आहेत. घडीत चिकटलेले. पहिला खंडपत्राचा : देणार स्थानिक पाटील घराण्यातले, घेणार तुमचे पणजोबा, "वस्ती मूळ सासवड तालुके पुरंदर". पाणीपट्टी घेणाऱ्यानं भरायची असा स्पष्ट उल्लेख आहे आणि चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दींत, पश्चिमेला "सरकारी पाट" आहे.

दुसरा त्याच जमिनीचा पुढच्या मुदतीचा आहे. त्यात घेणार पणजोबा नाहीत. "मयत" म्हणून त्यांचं नाव, त्यापुढे अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाचं नाव, म्हणजे तुमच्या आजोबांचं, आणि "अज्ञान पालन करणार आई" म्हणून तुमच्या पणजीचं नाव. पूर्ण नाव आहे, ठळक आहे, शाई जराही उडालेली नाही. तुम्ही सांगितलेला अंगठ्याचा ठसा आणि "निशाणी" या दुसऱ्या कागदावर आहे. ठसा त्यांचाच आहे.

म्हणजे पणजोबा गेल्यानंतर खंड सोडून घर सासवडला परतलं नाही. पणजीनं स्वतःच्या नावावर मुदत वाढवून घेतली. शेवटी आणखी एक ओळ आहे : चरक, काहील आणि बैलजोड "घेणार हिच्या मालकीची", जमीन परत करताना त्यावर देणाऱ्याचा हक्क नाही. ही अट कुणीतरी विचार करून घालून घेतली आहे.

---

कऱ्हेकाठची

काय लिहू कळत नाही. आजोबांना वडील आठवत नव्हते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण त्या मधल्या वर्षांत घर कुणी चालवलं असं कुणी विचारलं की "भाऊबंदांनी सांभाळलं" असंच उत्तर यायचं. भाऊबंद तर तेव्हा श्रीरामपूरकडे होते. फेरफार तेच सांगतो.

आमच्या घरातलं वाक्य मी आता बदलून सांगणार आहे. पहिली लागण पणजोबांची असेल. पुढची सगळी तिची. पाण्याचे अर्ज, पाळी चुकू नये म्हणून रात्री पाटावर जाणं, अडत्याशी हिशेब, गुळव्याला सांभाळून ठेवणं, हे सगळं एका विधवा बाईनं, परक्या गावात, खंडाच्या जमिनीवर केलं आहे. काहील आपली आहे हे तिनं लिहून घेतलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

तिचं नाव इथे टाकत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून सांगायचं आहे. आता तिचं माहेर शोधायचं आहे. कुठून सुरुवात करू?

---

प्रवरामाई

अंगावर काटा आला. माहेरासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. तुमच्या आजोबांच्या जन्मगावची काढा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर मोठ्या आत्याआजीचा, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहिणीचा, जन्म तिच्या माहेरच्या गावात नोंदलेला असणार. आत्याआजीच्या शाळेचा किंवा लग्नाचा काही कागद असेल तर जन्मगाव त्यावरून काढा आणि त्या गावच्या नोंदी बघा.

---

कऱ्हेकाठची

आत्याआजी शाळेत गेल्या नव्हत्या. पण त्यांच्या धाकट्या मुलाशी आजच बोलले. ते म्हणतात, आई "दिव्याच्या मामाकडे" दिवाळीला जायची. पुरंदरात दिवे नावाचं गाव आहे, घाटाच्या वर. तिथली कोतवाल बुकं तहसीलला आहेत का, हे उद्या विचारते. लेखणीदादा, नोंदी मोडीतच असणार, फोटो पाठवले तर वाचाल ना?

---

लेखणी_आणि_टाक

पाठवा. आणि निबंधकाकडे त्या दुसऱ्या दस्ताची सूची दोनही काढून ठेवा. तिच्या नावावर तिसरी मुदतही असू शकते.

---

खंडकऱ्याचा_नातू

चतुःसीमेतलं गाव मला निरोपात कळवा. आमच्याच बाजूचं असेल तर देणाऱ्याची प्रत त्या घरात असेल. मी जाऊन विचारतो.